पोरांच्या जागा मोजून गाडी घ्या

पाव्हण्यारावळ्यांत कुणी चारचाकी घ्यायचं काढलं की एक फोन मला हमखास येतो. वाहन विम्याचा सर्व्हेअर म्हणून कराड-सातारा पट्ट्यातल्या अपघातग्रस्त गाड्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे गाडीतलं मला कळतं, असा लोकांचा विश्वास आहे. फोनवरचे प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती देते? सीएनजीत येते का? रिसेलला कशी आहे? सनरूफवालं मॉडेल घ्यावं का? मी उलटा एकच प्रश्न विचारतो : घरात बारा वर्षांखालची मुलं किती? समोरचा जरा थांबतो. मग उत्तर येतं, ‘तीन आहेत. पण ती काय, मांडीवर बसतात की!’

माझं भांडण या ‘मांडीवर बसतात की’शी आहे.

आपल्या घरांत लहान मूल हा प्रवासी धरलाच जात नाही. एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पुढे बारा वर्षांपर्यंत अर्धं. हा हिशेब आपल्या अंगात इतका मुरला आहे की लाखो रुपये मोजून स्वतःची गाडी घेतानाही आपण मुलं अर्धी-पावच धरतो. रेल्वेने २०१६ साली आपला हिशेब बदलला. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरा, असा नियम केला. तेव्हा पुष्कळांनी कुरकुर केली होती. मला तो नियम तेव्हाही पटला होता. जो जागा घेतो, तो पूर्ण प्रवासी. मोटारीत तर मुलासाठी बसवायची वेगळी सीट मोठ्या माणसाइतकीच जागा अडवते, कधी थोडी जास्तही.

‘हल्ली दोनच मुलं असतात, तीन-तीन सीटचा प्रश्न कुणाला पडतो?’ असं मला एका वितरकाने विचारलं होतं. आमच्या भागात तो प्रश्न घरोघर आहे. दोन भावांत मिळून एक गाडी, दोघांची मिळून तीन-चार मुलं, वर आजी-आजोबा. जत्रेला, लग्नाला, गौरी-गणपतीला सगळे त्याच गाडीने निघतात. शिवाय जुळं झालं की दोन मुलांचं नियोजन केलेल्या घरात एका दिवसात तीन मुलं होतात. माझ्या मुलाच्या घरी तेच झालं. थोरली नात आता पाच वर्षांची, तिच्या पाठचे जुळे नातू सव्वा वर्षाचे. मुलगा आणि सूनबाई दोघंही पुण्यात नोकरीला. मुलांच्या मागे धावायला माझी पत्नी बहुतेक वेळ तिकडेच असते. म्हणजे प्रवासी सहा, त्यांतल्या तिघांना लहान मुलांची सीट लागणारी. घरात होती ती पाच सीटची हॅचबॅक. वाट पुणे ते कराड, मध्ये खंबाटकीचा घाट.

मांडीचं गणित एकदा नीट करून बघावं. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी आदळते, तेव्हा आतल्या माणसाचा वेग दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेल्या माणसाइतका असतो. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरलं, तर दहा किलोचं मूल आईच्या हातांना दीडशे किलोच्या आसपास जाणवतं. ते कुणालाही पेलत नाही. आईनेही पट्टा लावलेला नसेल तर समोरच्या सीटवर आधी मूल आदळतं आणि त्याच्यावर आई. पुढच्या सीटवर मूल मांडीवर घेणं तर त्याहून वाईट. मोठ्या माणसाची छाती अडवायला बनवलेली एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, आणि तिच्या वाटेत मुलाचं डोकं असतं. हे घाटातल्या सुसाट वेगाचं बोलत नाही मी. गावातल्या सरळ रस्त्यावरच्या पन्नासचं बोलतो आहे.

अपघातानंतर गॅरेजच्या आवारात उभी केलेली गाडी बरंच काही सांगते. धडकेच्या वेळी पट्टा लावलेला असेल तर त्यावर ताण आल्याच्या खुणा राहतात. मागच्या सीटचे पट्टे बहुतेक वेळा कोरे करकरीत असतात. कित्येक गाड्यांत पट्ट्याची बकलं सीटच्या फटीत ढकललेली आणि वरून रेक्झिनचं कव्हर ओढलेलं असतं. आणि पुढच्या काचेवर डाव्या अंगाला, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या पातळीखाली, कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा दिसला की मी गॅरेजवाल्याला काही विचारत नाही. कागदावर फक्त ‘पुढील काच बदलणे’ असं लिहावं लागतं.

उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. केंद्र सरकारच्या २०२२ च्या आकडेवारीत पट्टा न लावलेले १६,७१५ जण मरण पावल्याची नोंद आहे. त्यांतले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. एवढं होऊनही मुलांच्या सीटबद्दल फारसं कुणी बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे की मुलांसाठीच्या सीटमुळे लहानग्यांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी होऊ शकतात.

कायदा आपल्याकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित केलेलं नसेल तर चालकाला एक हजार रुपये दंड. हेल्मेटसाठी चौकाचौकांत पावत्या फाडल्या जातात. मांडीवरच्या मुलासाठी फाडलेली पावती माझ्या पाहण्यात नाही. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि मुलाला बांधून घ्यायचा पट्टा हवा, हा नियमही फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तोही किती जणांच्या कानांवर गेला आहे?

आता गाडीकडे येतो. पहिला विचार असा होता की आहे त्या हॅचबॅकमध्येच मागे तीन सीट शेजारीशेजारी बसवाव्यात. छोट्या गाडीत आत दारापासून दारापर्यंत बसायला जागा साधारण १३० सेंटिमीटर मिळते. मुलांच्या सीट रुंदीला ४४ सेंटिमीटरच्या आसपास असतात. तीन सीटचे १३२ झाले. थोड्या अरुंद सीट शोधल्या तर कागदावर मेळ बसतोही. प्रत्यक्षात दोन सीटच्या मध्ये बोटं जायला जागा उरत नाही, बकल खाली दबून जातं आणि पाच वर्षांच्या मुलीला स्वतःचा पट्टा लावता येत नाही. मधली जागा तर आणखी अडचणीची. तिथे जुन्या गाड्यांत फक्त पोटावरचा पट्टा असतो. खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा नसेल तर तिथे मोठ्या मुलाला उंच बसवणारी बूस्टर सीट चालत नाही. आणि एवढं सगळं जमवलं तरी आजीला जागा कुठे आहे? आजी नसेल तर त्या घरचा प्रवासच होत नाही.

आयसोफिक्स हा शब्द शोरूममध्ये सारखा कानांवर पडतो. सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते तिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले सहा मिलिमीटर जाडीचे दोन दांडे असतात, एकमेकांपासून २८० मिलिमीटर अंतरावर. मुलाची सीट त्यांना खटकन अडकते आणि चुकीची बसण्याची शक्यता कमी होते. चांगलीच सोय आहे. पण बहुतेक गाड्यांत ती दुसऱ्या रांगेच्या दोन टोकांनाच असते. परवडणाऱ्या सात सीटच्या गाड्यांत तिसऱ्या रांगेत ती सहसा नसते. म्हणजे तिसरं मूल पट्ट्याच्या भरवशावर. त्यात गैर काही नाही. पट्ट्याने नीट आवळून बसवलेली सीटही सुरक्षितच असते. मात्र मागे तोंड करून बसवायच्या सीटला पट्टा लांब लागतो, आणि काही गाड्यांत तो पुरत नाही. हे घरी आल्यावर कळून उपयोग नसतो.

म्हणून मुलाला मी सांगितलं, शोरूममध्ये जाताना तिन्ही सीट घेऊन जायच्या. एका ठिकाणी विक्रेत्याने डिस्प्लेच्या गाडीत सीट लावू द्यायला नकार दिला. कापड मळेल म्हणाला. आम्ही उठून आलो. दुसरीकडच्या पोराने स्वतः वाकून दांडे शोधून दिले, आणि गाडीच्या माहितीपुस्तकातलं ते पान उघडलं जे बहुतेक मालक कधी बघत नाहीत. त्या पानावर मुलांच्या सीटचा तक्ता असतो. एका बाजूला मुलाच्या वजनाचे गट, वर गाडीतल्या जागा, आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर. ‘यू’ म्हणजे पट्ट्याने बसणारी प्रमाणित सीट तिथे चालते. ‘यूएफ’ म्हणजे फक्त पुढे तोंड करून. ‘एक्स’ म्हणजे तिथे बसवूच नका. आरसी बुकात आसनक्षमता सात लिहिलेली असते, चालकासह. या तक्त्यात मुलांसाठी ‘यू’ किती, हे मोजलं की त्या सातांतल्या खऱ्या जागा कळतात.

सगळ्यांत जास्त डोकं खाल्लं ते कुणी कुठे बसायचं, या प्रश्नाने. जुळ्यांना हाताशी ठेवायचं तर दुसऱ्या रांगेची दोन्ही टोकं त्यांची. मधल्या जागेत दोन सीटच्या फटीत आजीला अडीच-तीन तास बसवणं म्हणजे छळ. मग आजी तिसऱ्या रांगेत? तिचे गुडघे दुखतात. तिथे जायला दुसऱ्या रांगेची सीट पुढे सरकवून दुमडावी लागते, आणि तिच्यावर मुलाची सीट बसवलेली असली की ती दुमडत नाही. सात सीटची जाहिरात बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. मधली रांग एकदा मुलांच्या सीटनी अडली की मागच्या रांगेचं दार बंद झालं समजा, मागून डिकीतून चढायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तोडगा सूनबाईने काढला. म्हणाली, ‘आई, तुम्ही पुढे बसा. मी मागे थोरलीजवळ बसते.’ पत्नीला ते अवघड वाटलं. सुनेने मागे कोंबून बसायचं आणि आपण पुढे ऐसपैस, हे तिला रुचेना. सूनबाई म्हणाली, ‘परत येताना मी चालवते, हे मागे बसतील.’ तसं ठरलं. पण त्यासाठी मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट हवी, म्हणजे सहा सीटची गाडी हवी. सातवी जागा सोडून दिली की बाकीच्या सहा खऱ्या होतात. सगळ्यांबरोबर मलाही जायचं असेल तेव्हा मी एसटी धरतो. नातवाची जागा मोडून मी गाडीत बसणार नाही, हे मी घरात स्पष्ट सांगितलं आहे.

परवडणाऱ्या गाड्यांचं म्हणाल तर निवड फार मोठी नाही. रेनोची ट्रायबर स्वस्तातली, चार मीटरच्या आत तीन रांगा. तिची तिसरी रांग पूर्ण काढून ठेवता येते, हे मला फार आवडतं. पण सातही सीट लावल्या की मागे सामानाला ८४ लिटर जागा उरते. दोन बाळांच्या डायपरच्या पिशव्या आणि एक बॅग, संपलं. तीन मुलं आणि आई-बाप एवढेच असाल, तर मागची एकच सीट ठेवून ती उत्तम जमते. मारुतीची अर्टिगा २०१२ पासून आपल्या रस्त्यांवर आहे. टोयोटाची रुमियन म्हणजे तीच गाडी, बिल्ला वेगळा. सुटे भाग खेड्यातही मिळतात, सीएनजी मिळतं, तिसऱ्या रांगेत मोठं माणूस बसू शकतं. सीएनजी घेतली तर टाकी सामानाची जागा खाते, हे धरून चाला. तिचीच बहीण एक्सएल सिक्स सहा सीटची. किआची कॅरेन्स फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, अर्टिगापेक्षा थोडी लांब-रुंद, वरच्या मॉडेलमध्ये सहा सीटची सोय. आमच्या भागात महिंद्राच्या गाड्यांवर लोकांचा जीव आहे. खराब रस्त्याला त्या दणकट आहेतच. पण बोलेरो निओची शेवटची रांग आडव्या बाकांची आहे, आणि आडव्या बाकावर मुलांची कुठलीही सीट बसत नाही. तिथे मूल बसवायचं म्हणजे पुन्हा मांडीच. ईको स्वस्त आहे, पण बाहेरून रुंदी दीड मीटरही नाही. इनोव्हा आमच्या हिशेबाबाहेरची.

धडक-चाचणीतल्या ताऱ्यांबद्दल लोक हल्ली विचारतात, ही चांगली गोष्ट आहे. भारत एनकॅप ही आपल्याकडची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात मोठ्यांच्या सुरक्षिततेला वेगळे गुण आणि मुलांच्या सुरक्षिततेला वेगळे, मुलांचे ४९ पैकी. लोक मोठ्यांचेच तारे बघतात. मुलं असलेल्या घराने दुसरा आकडा आधी बघावा. ग्लोबल एनकॅपच्या २०२४ च्या चाचणीत कॅरेन्सला मोठ्यांसाठी तीन तारे मिळाले आणि मुलांसाठी पाच. त्याच वर्षी आफ्रिकेच्या बाजारासाठी तपासलेल्या, भारतात बनलेल्या अर्टिगाला मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोन. पुढे २०२५ मध्ये अर्टिगाच्या सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग आल्या, हेही सांगायला हवं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. मुलांच्या त्या ताऱ्यांसाठी दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या मुलांच्या सीटमध्ये नीट बांधून धडक देतात. ते पाच तारे सीटमध्ये बांधलेल्या बाहुलीचे आहेत. सीट न घेता पाच ताऱ्यांची गाडी घेतली, तर मुलापुरते ते तारे गाडीबरोबर आलेच नाहीत.

आम्ही शेवटी वापरलेली, सहा सीटची कॅरेन्स घेतली. नवी मधल्या मॉडेलची अर्टिगा रस्त्यावर यायला जेवढे लागले असते, साधारण तेवढ्यात बसली. वापरलेल्या गाडीची लोकांना धास्ती वाटते. ती तपासायची कशी हे माझं कामच होतं : आधीच्या क्लेमचा इतिहास, खांबांवरचं वेल्डिंग, एअरबॅगच्या झाकणांच्या कडा, आणि प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावरची तारीख. पट्ट्याची आणि गाडीची तारीख जुळत नसेल तर तो पट्टा का बदलला, हे विचारायचं. कुठल्या कंपनीची वकिली मला करायची नाही. दोन मुलं आणि धडधाकट आजी असलेल्या घराला मी बिनदिक्कत पाच सीटची गाडी सांगेन.

माझा खरा राग करावर आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना सवलत देताना चार मीटरची रेषा आखली गेली, आणि तेव्हापासून आपल्या गाड्यांचा आकार ती रेषा ठरवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठीवर ४०. चार मीटरच्या आतल्या ट्रायबरला अठरा लागतात, अर्टिगाला आणि कॅरेन्सला चाळीस. आलिशान गाडीला जो दर, तोच तीन पोरांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाच्या गाडीला. कर लांबी मोजतो, इंजिन मोजतो. त्या गाडीत किती जणांना तीन टोकांचा पट्टा मिळतो, किती जागांवर मुलाची सीट बसते, हे मोजत नाही. परिणाम डोळ्यांसमोर आहे : एकतर चार मीटरच्या पेटीत तीन रांगा कोंबायच्या, शेवटच्या रांगेतल्या मुलाचं डोकं मागच्या काचेजवळ, नाहीतर चाळीस टक्के भरायचे, नाहीतर तिसरं मूल मांडीवर. बहुतेक घरं तिसरा मार्ग धरतात. साध्या इंजिनाच्या, सहा-सात सीटच्या, सगळ्या जागांना तीन टोकांचे पट्टे आणि मुलांसाठी निदान तीन ठिकाणी आयसोफिक्स असलेल्या गाडीला सरकारने अठराच्या रांगेत आणावं. आयसोफिक्सचे आणखी दोन दांडे लावायला कंपनीला येणारा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

राज्य सरकारच्या हातातही काही आहे. आपला एकरकमी वाहन कर गाडीच्या किमतीवर आणि इंधनावर ठरतो. नोंदणीच्या वेळी प्रमाणित मुलांच्या सीटची पावती दाखवणाऱ्याला त्यातून थोडी सूट द्या. तिजोरीला ते जाणवणारही नाही. वितरकाला विक्रीआधी तो सीटचा तक्ता गिऱ्हाइकासमोर ठेवण्याची सक्ती करा. आज गिऱ्हाईक अलॉय व्हील बघून जातं, तक्ता बघत नाही.

सीट महाग पडते, ही तक्रार मी ऐकतो. चार-पाच हजारांपासून पुढे सीट मिळतात. सनरूफच्या मॉडेलसाठी जेवढे जास्तीचे मोजतात, त्यात तीन चांगल्या सीट येतात. सीटवर गोलात ‘ई’ आणि पुढे आकडा असलेलं प्रमाणपत्राचं लेबल बघावं, नाहीतर आपल्याकडच्या एआयएस ०७२ मानकाचा उल्लेख बघावा. मुलाला सीटच्या पाठीला बांधायचे कापडी पट्टे बाजारात मिळतात, ते घेऊ नका. बसवलेली सीट पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून बघा; इंचभरापेक्षा जास्त हलत असेल तर सैल आहे. सव्वा वर्षापर्यंत तरी मूल मागे तोंड करून बसवावं, सीट परवानगी देते तोवर पुढेही. आमचे जुळे अजून तसेच बसतात. आणि नव्या गाडीला पहिल्याच आठवड्यात जे जाड सीटकव्हर घालतात, ते शिवणाऱ्याला बजावा की आयसोफिक्सचे दांडे आणि मागची बकलं उघडी राहिली पाहिजेत. गजर बंद करायला पट्ट्याच्या जागी खोचायच्या खोट्या क्लिपाही मी गाड्यांत पाहिल्या आहेत. दिसल्या की काढून फेकून द्या.

मुलं रडतात, हे खरं आहे. थोरली पहिले काही दिवस खूप रडली. पत्नी कळवळून म्हणाली, ‘एवढ्याशा लेकराला जखडून ठेवायचं?’ तिचं मन दुखत होतं, आणि मी ते समजू शकत होतो. आम्ही एकच नियम केला. मूल फार रडलं तर गाडी सुरक्षित जागा बघून थांबते, मूल बाहेर येतं, पाणी पितं, पुन्हा सीटवर जातं. चालत्या गाडीत कुणीही त्याला काढून घेत नाही. आता जुळ्यांतला एक सीटवर बसवला की आपणच पट्ट्याचं टोक पकडतो.

पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, दसऱ्याला शोरूममध्ये गाड्यांच्या चाकांखाली लिंबं फोडली जातील. तुम्ही बुकिंग करणार असाल, तर त्याआधी एकदा सगळं घर घेऊन जा. मुलांच्या सीट बरोबर न्या. नसतील तर आधी त्या घ्या, गाडी नंतर. सगळ्या सीट बसवून, सगळी माणसं बसवून, मागच्या रांगेत खरंच कुणाला तरी चढायला लावून बघा. माहितीपुस्तकातला तक्ता मागा. विक्रेता सीट बसवू देत नसेल तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.